गर्दी आणि गोष्ट : 'कारांदिरू'मधील निवेदनाचा पेच

१

तुरुंग हा कथनात्म कलांना नेहमीच सोयीचा वाटत आलेला अवकाश आहे. चार भिंती, मोजकी माणसे, बाहेर पडण्याची ओढ आणि बाहेर पडू न देणारी सत्ता एवढी सामग्री हाताशी असली की संघर्ष निराळा उभा करावा लागत नाही. मात्र ही सोय 'मोजकी माणसे' या गृहीतावर आधारलेली असते. एका कोठडीतील दोघे, पळून जाण्याचा बेत आखणारे चौघे, सुधारणेच्या प्रयोगासाठी निवडलेले सहा : तुरुंगपटांचा रचनाबंध बहुधा अशा लहान संख्येवर उभा असतो. मराठी प्रेक्षकाला चटकन आठवणारा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट सहा कैद्यांचा आहे, आणि माणूस सुधारू शकतो हा त्यातील विश्वास त्या सहा या संख्येवाचून उभाच राहिला नसता. ज्या तुरुंगात चार हजारांच्या जागेत सात हजारांहून अधिक माणसे कोंबलेली आहेत, त्याची गोष्ट कशी सांगावयाची? प्रश्न केवळ आशयाचा नाही. गर्दी ही कथनाला मूलतःच प्रतिकूल असणारी वस्तू आहे. कथनाला चेहरा लागतो, नाव लागते, कार्यकारणाची साखळी लागते. गर्दी नेमकी या तिन्ही गोष्टींचा लोप घडवते.

हेक्टर बाबेंको दिग्दर्शित 'कारांदिरू' (२००३) या ब्राझिलियन चित्रपटाचे महत्त्व या पेचाच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. साओ पाउलो शहरातील कारांदिरू येथील 'काझा दे देतेन्साँव' या तुरुंगातील जीवन आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी लष्करी पोलिसांनी तेथे केलेले हत्याकांड हा या चित्रपटाचा विषय. अधिकृत आकड्यानुसार त्या दिवशी १११ कैदी मारले गेले. एकाही पोलिसाचा मृत्यू झाला नाही. चित्रपट मायदेशी अतिशय लोकप्रिय झाला, कान महोत्सवाच्या स्पर्धाविभागात दाखवला गेला, आणि त्याचबरोबर तुरुंगाला त्याने सुसह्य, जवळजवळ लोभस करून टाकले, असा आक्षेपही त्याच्यावर घेतला गेला. हा आक्षेप सहजी झटकून टाकता येत नाही. आहे तसा स्वीकारताही येत नाही. त्याचा निर्णय चित्रपटाच्या निवेदनपद्धतीत शोधावा लागतो.

२

चित्रपटाचा आधार असलेले 'एस्तासाँव कारांदिरू' (१९९९) हे पुस्तक द्राउझिओ वारेल्ला या कर्करोगतज्ज्ञाने लिहिलेले आहे. एड्सच्या प्रतिबंधाचे काम करण्यासाठी १९८९ मध्ये ते या तुरुंगात स्वेच्छेने जाऊ लागले आणि पुढे अनेक वर्षे जात राहिले. पुस्तक लहान लहान प्रकरणांचे आहे. तुरुंगाच्या इमारती, दिनक्रम, कायदेकानू, आजार, आणि मग एकेका माणसाची हकीकत असा त्याचा क्रम असून हत्याकांड अगदी शेवटच्या पानांत येते. बाबेंको हे स्वतः वारेल्ला यांचे रुग्ण होते. आजारपणाच्या काळात डॉक्टरांकडून ऐकलेल्या हकीकतींतून या प्रकल्पाचा उगम झाला, ही बाब सर्वश्रुत आहे. म्हणजे ऐकणे हेच पुस्तकाचे व चित्रपटाचे उगमस्थान होय : डॉक्टर कैद्यांचे ऐकतो, दिग्दर्शक डॉक्टरांचे ऐकतो, प्रेक्षक दिग्दर्शकाचे.

चित्रपटातील डॉक्टरला (लुईझ कार्लोस व्हास्कॉन्सेलोस) नाव नाही. कैद्यांना मात्र नावे आहेत, आणि ती सारी टोपणनावे आहेत : मजेस्ताद म्हणजे महाराज, पेशेइरा म्हणजे सुरा, सें शांस म्हणजे ज्याला कधी संधीच मिळाली नाही असा, लेडी डाय, नेगू प्रेतू. टोपणनाव हे गर्दीने स्वतःच शोधलेले व्यक्तिकरणाचे साधन आहे. दप्तरातील नाव व क्रमांक राज्यसंस्थेने दिलेले असतात. टोपणनाव सोबतच्या माणसांनी दिलेले असते. त्यामुळे ज्याला टोपणनाव आहे तो गर्दीत असूनही तिच्यात विरघळलेला नाही, असे समजावयास हरकत नाही. चित्रपटाने ही सामग्री पुस्तकातून आणि मूळ जीवनातून उचलली आहे आणि तिचा उपयोग नेमकेपणाने केला आहे.

डॉक्टरचा तपासणीचा कक्ष हा या चित्रपटाचा कथनकेंद्र होय. दार उघडते, रांगेतला एक जण आत येतो, अंगावरची व्याधी दाखवतो आणि बोलू लागतो. त्या बोलण्यातून दृश्य पूर्वकाळात जाते : बँकेवरील दरोडा, बायकोचा विश्वासघात, बहिणीवरील अत्याचाराचा सूड, दोन बायकांमधील ओढाताण. गोष्ट संपते, दृश्य कक्षात परत येते, पुढचा माणूस आत येतो. सात हजारांची गर्दी येथे रांगेत रूपांतरित होते, आणि रांग गोष्टींच्या मालिकेत. गर्दीचे कथनीय वस्तूत रूपांतर करण्याची ही युक्ती साधी आणि प्रभावी आहे. पण तिची किंमत काय, हेही पाहावयास हवे.

३

पहिली किंमत अवकाशाची आहे. प्रत्येक पूर्वकथनाबरोबर चित्रपट तुरुंगाबाहेर पडतो. रस्ते, घरे, उघडे आकाश, वेगवान मोटारी दिसतात. प्रेक्षकाचा जीव कोंडू लागतो न लागतो तोच त्याला मोकळी हवा मिळते. कैद्याला ही सवलत नाही. वाल्तेर कार्व्हाल्यो यांचे छायालेखन तुरुंगाच्या आतील दृश्यांत गर्दीचा दाब नि:संशय जाणवून देते : अरुंद मार्गिका, गजांवर वाळत घातलेले कपडे, एकाच चौकटीत दाटलेली उघडी शरीरे. चित्रीकरणाचा काही भाग पाडण्यापूर्वीच्या प्रत्यक्ष इमारतीत झाल्याने भिंतींना आलेली कळा खोटी वाटत नाही. परंतु छायालेखनाने जमवलेला हा दाब कथनाचा आराखडा ठराविक अंतराने सोडून देतो. गर्दी हा चित्रपटाचा विषय असूनही ती काळात सोसावयाची गोष्ट म्हणून प्रेक्षकापर्यंत पूर्णपणे पोहोचत नाही. ती दिसते, पण साचत नाही.

दुसरी किंमत अधिक गंभीर आहे. या गोष्टींचा साचा असा आहे की प्रत्येक गोष्ट अखेर गुन्ह्यापाशी पोहोचते. माणूस कोण, तर ज्याने अमुक केले तो. सहानुभूतीने सांगितलेली असली तरी ही कबुलीच होय. कबुलीच्या व्यवहारात सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते, हे मिशेल फुको यांनी दाखवलेले सूत्र येथे आठवणे अपरिहार्य आहे. डॉक्टर न्यायाधीश नाही, धर्मगुरू नाही, पोलीस तर नाहीच. तो कोणालाही दोष देत नाही. तरीही सगळे आवाज त्याच्याच दिशेने वळलेले आहेत. अनेक पात्रे बोलतात म्हणून चित्रपटाला बाख्तिनप्रणीत अर्थाने बहुस्वर म्हणता येणार नाही. बहुस्वरतेत आवाज एकमेकांना छेद देतात, एकमेकांना उत्तरे देतात; येथे ते एकामागून एक एकाच श्रोत्यासमोर उभे राहतात. एकाच श्रोत्यापुढची ही आवाजांची यादी आहे, संवाद नव्हे.

या साच्यात न बसणारा एक कैदी आहे, आणि तो संख्येने लहान नाही. ज्याचा खटलाच अद्याप निकाली निघालेला नाही, ज्याला आपण कच्चा कैदी म्हणतो, त्याची गोष्ट गुन्ह्यापाशी संपू शकत नाही, कारण गुन्हा सिद्धच झालेला नसतो. हत्याकांड घडले त्या पॅव्हिलियन ९ मध्ये मुख्यतः प्रथमच तुरुंगात आलेले कैदी होते आणि मृतांपैकी अनेकांच्या खटल्यांचा अंतिम निकाल लागलेला नव्हता. तुरुंगातील गर्दीचे एक प्रमुख कारण जगभर हेच आहे : शिक्षा झालेल्यांपेक्षा शिक्षेची वाट पाहणारे साठत जातात. कबुलीच्या व्याकरणात या वाट पाहणाऱ्याला क्रियापद नाही. 'कारांदिरू'ची निवेदनपद्धती ज्याला सामावून घेऊ शकत नाही, तोच त्या दिवशी मोठ्या संख्येने मारला गेला, हा योगायोग समीक्षेने नजरेआड करता कामा नये.

४

या उणिवांच्या बरोबरीने चित्रपटाचे एक मोठे श्रेय मान्य करावे लागते. तुरुंगाचे अंतर्गत राज्य त्याने ज्या तपशिलाने उभे केले आहे, त्याला तोड क्वचितच सापडेल. आरंभीच कैद्यांमधील सुडाच्या एका प्रकरणात नेगू प्रेतू निवाडा करतो. तुरुंगाधिकारी त्या निवाड्याचा केवळ साक्षीदार असतो. कर्ज कसे फेडावयाचे, कोणी कोणाला मारावयाचे, मुलाखतीच्या दिवशी दुसऱ्याच्या बायकोकडे कशी नजर ठेवावयाची नाही, खुनाचा आळ कोणी अंगावर घ्यावयाचा, या साऱ्याचे नियम आहेत आणि ते मोडणाऱ्याला शिक्षा आहे. पहारेकरी थोडे, कैदी हजारो. अशा स्थितीत शासन भिंतीपुरते उरते आणि आतला कारभार आतल्यांच्या हाती जातो.

आधुनिक तुरुंगाविषयीचा फुको यांचा प्रसिद्ध सिद्धांत या ठिकाणी अपुरा पडतो. 'डिसिप्लिन अँड पनिश'मधील (मूळ फ्रेंच १९७५) तुरुंग हा नजरेचा तुरुंग आहे. प्रत्येक शरीर वेगळे काढले जाते, त्याला ठरलेली जागा मिळते, अखंड देखरेखीखाली ते शिस्तीत घडवले जाते. कारांदिरूत जागाच नाही. जेथे एका कोठडीत किती माणसे झोपतात हे रोज बदलते, तेथे देखरेख अशक्य होते. म्हणजे गर्दी हा शिस्तीच्या यंत्रणेतील किरकोळ बिघाड नसून त्या यंत्रणेचा अभावच होय. आणि या अभावाच्या पलीकडे जे येते, ते फुको यांच्याच पुस्तकाच्या आरंभीचे, शिस्तीच्या पूर्वीचे जग आहे : राजसत्तेने अपराध्याच्या शरीरावर उघडपणे घेतलेला सूड. २ ऑक्टोबरला पोलीस आत शिरतात तेव्हा त्यांना कोणाला घडवावयाचे नसते. कुत्रे, जिन्यांवरून वाहणारे रक्त, नागवे करून अंगणात बसवलेले शेकडो वाचलेले कैदी या दृश्यमालिकेत आधुनिक तुरुंग आपला मुखवटा उतरवतो. युरोपीय इतिहासात एकामागून एक आलेल्या दोन दंडव्यवस्था येथे एकाच इमारतीत शेजारी नांदतात, आणि पहिली नावापुरतीच असल्यामुळे दुसरीला मोकळे रान मिळते. हे दर्शन या चित्रपटाने घडवले आहे. कोणताही सिद्धांत न उच्चारता घडवले आहे.

५

चित्रपटावरील मुख्य आक्षेपाचा विचार याच ठिकाणी करणे योग्य होईल. ब्राझिलियन चित्रपटसमीक्षेत या आक्षेपाला एक परंपरा आहे. ग्लाउबेर रोशा यांनी १९६५ मध्ये 'भुकेचे सौंदर्यशास्त्र' मांडले. लॅटिन अमेरिकेतील दारिद्र्य पाहून परदेशी प्रेक्षकाने कळवळावे, हे त्यांना मान्य नव्हते. ते पाहून त्याने अस्वस्थ व्हावे, त्यातील हिंसा त्याला सोसवू नये, अशी त्यांची भूमिका होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी इव्हाना बेंतेस यांनी त्याच संज्ञेला वळण देऊन नव्या चित्रपटांतील 'भुकेच्या सौंदर्यप्रसाधना'वर टीका केली. दारिद्र्य आणि हिंसा चकचकीत, वेगवान आणि उपभोग्य होऊन पडद्यावर येतात, असा तिचा आशय. 'सिटी ऑफ गॉड' (२००२) पाठोपाठ आलेला 'कारांदिरू' या टीकेच्या कक्षेत येणे स्वाभाविक होते.

या संदर्भात बाबेंको यांचा स्वतःचाच पूर्वेतिहास बोलका आहे. 'पिशोते'मध्ये (१९८१) त्यांनी रस्त्यावरच्या मुलांची कथा त्याच वस्त्यांतील मुलांकडून करून घेतली होती. त्यातील मुख्य भूमिका करणारा फेर्नांदो रामोस दा सिल्वा हा मुलगा पुढे १९८७ मध्ये पोलिसांच्या गोळीला बळी पडला. तेथे पडद्यावरचा चेहरा आणि पडद्याबाहेरचे जीवन यांच्यात अंतरच उरले नव्हते. 'किस ऑफ द स्पायडर वुमन'मध्ये (१९८५), मान्युएल पुइग यांच्या कादंबरीच्या आधारे, त्यांनी तुरुंगाला दोन माणसांच्या कोठडीपर्यंत आवळले होते. 'कारांदिरू'त सात हजार आहेत. पण प्रमुख भूमिकांत व्यावसायिक नट आहेत, आणि लेडी डायच्या भूमिकेतील रोद्रिगो सांतोरो यांच्यासारखे दूरचित्रवाणीमुळे घरोघर ओळखले जाणारेही आहेत. ओळखीचा चेहरा गर्दीला अडथळा ठरतो, कारण डोळा आपोआप त्याच्याकडे वळतो. लेडी डाय व सें शांस यांचे लग्न, मजेस्तादच्या दोन बायकांनी मुलाखतीच्या दिवशी उडवून दिलेली तारांबळ, शिकू या वृद्ध कैद्याचे कागदी फुगे हे प्रसंग रंगतदार आहेत. प्रेक्षक हसतो, हळवा होतो, आणि त्याला त्या माणसांचा लळा लागतो.

लळा लावणे ही चित्रपटाची उघड युक्ती आहे, आणि तिच्या समर्थनार्थ एक सबळ मुद्दा मांडता येतो. १११ हा आकडा वृत्तपत्रात वाचून विसरता येतो. तोच आकडा ओळखीच्या माणसांचा झाला की विसरणे अवघड होते. ब्राझीलमधील जनमताचा मोठा भाग हत्याकांडानंतर पोलिसांच्या बाजूने होता. ज्या अधिकाऱ्याच्या आज्ञेखाली ही कारवाई झाली, ते कर्नल उबिरातान गिमाराइंस पुढे साओ पाउलो राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. अशा समाजापुढे कैद्याला माणूस म्हणून उभे करणे हीच एक राजकीय कृती होती.

तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो, आणि तोच निर्णायक होय. मारला गेलेला माणूस आवडावा लागतो का? त्याचे मरण अन्याय्य ठरण्यासाठी तो विनोदी, प्रेमळ किंवा पश्चात्तापदग्ध असणे आवश्यक आहे का? कायद्याला ही अट मान्य नाही. 'कारांदिरू'च्या रचनेने मात्र ती नकळत मान्य केलेली दिसते. झीकोचे (वाग्नर मोरा) उदाहरण पाहावे. बालपणीचा भावासारखा मित्र देउस्देते याला तो क्रॅकच्या नशेतील भ्रमापोटी उकळते पाणी ओतून ठार करतो. सबंध चित्रपटात सहानुभूतीला सर्वांत कमी जागा देणारे हे पात्र, आणि पोलीस येण्यापूर्वीच कैद्यांच्या न्यायव्यवस्थेकडून ते संपवले जाते. पेशेइरा हा अनेक खून केलेला मारेकरी. त्याचा हात याच वेळी प्रथमच कचरतो, तो कोसळतो आणि धर्माकडे वळतो. म्हणजे अवघड पात्रांपैकी एकाचा निकाल लागतो व दुसऱ्याचे शुद्धीकरण होते. त्यानंतरच बंदुका आत येतात. सर्वांत कठीण कसोटी, म्हणजे ज्याच्याविषयी काहीही चांगले सांगता येत नाही अशा माणसालाही राज्यसंस्थेने असे मारता कामा नये हे प्रेक्षकाला पटवणे, चित्रपटाने स्वतःपुढे ठेवलेलीच नाही.

६

असे असूनही शेवटच्या भागात चित्रपट स्वतःच्याच निवेदनपद्धतीवर मात करतो, आणि त्यामुळे वरील आक्षेप अंतिम ठरत नाही. फुटबॉलच्या सामन्याचा दिवस, वाळत घातलेल्या कपड्यांवरून दोघांचे भांडण, भांडणातून पॅव्हिलियनभर उसळलेला दंगा, खिडक्यांतून खाली फेकलेली हत्यारे आणि बाहेर धरलेली पांढरी फडकी, मग पोलीस. या साऱ्यात डॉक्टर नाही. तो आधीच निघून गेला आहे, आणि ज्याच्या कानावर सर्व गोष्टींचा भार होता तो कानच आता जागेवर नाही. निवेदन एकाएकी पोरके होते. तेव्हा वाचलेले कैदी थेट कॅमेऱ्याकडे पाहून साक्ष देऊ लागतात.

हा केवळ तांत्रिक बदल नव्हे. आतापर्यंत कबुली होती. आता साक्ष आहे. कबुलीत माणूस स्वतः काय केले ते सांगतो; साक्षीत त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याने काय केले ते. ज्यांना आतापर्यंत केवळ अपराधी म्हणून बोलता येत होते, ते आता दुसऱ्याच्या अपराधाविषयी बोलतात. गजांआडून सांगितलेली ही हकीकत न्यायालयात चालणार नाही, याची त्यांनाही जाणीव आहे. म्हणून ते प्रेक्षकाकडे वळतात. घडले ते ठाऊक असणारे तीनच पक्ष आहेत, ईश्वर, पोलीस आणि कैदी, आणि त्यांपैकी केवळ कैद्यांचेच म्हणणे येथे ऐकले आहे, अशा अर्थाची नोंद शेवटी येते. ती नम्रतेची नाही, पक्ष घेतल्याची आहे. वारेल्ला यांच्या पुस्तकातून आलेली ही भूमिका चित्रपटाच्या रूपात अधिक धारदार झाली आहे, कारण येथे तिच्याबरोबर निवेदकाची अनुपस्थितीही दिसते.

मात्र या ठिकाणी एक रिकामी जागा राहते. कैद्याला गोष्ट आहे, पोलिसाला नाही. तो चेहरा नसलेला, शिरस्त्राणामागचा, ओरडणारा एक समूह आहे. गुन्हेगाराच्या कृत्यामागे बालपण, दारिद्र्य, प्रेम, व्यसन अशी कारणांची साखळी दाखवणारा चित्रपट सर्वांत मोठ्या कृत्यामागची साखळी दाखवत नाही. आत जाण्याचा आदेश कोणी दिला, कोणत्या विचारविनिमयानंतर दिला, निवडणुकीच्या आदल्या दिवशी तो का दिला गेला, हे चित्रपटाच्या कक्षेत येत नाही. परिणामी हत्याकांड एखाद्या नैसर्गिक आपत्तीसारखे कोसळते. गर्दीतून कैद्यांना बाहेर काढता काढता चित्रपटाने पोलिसांना गर्दीत लपू दिले आहे.

पुढील न्यायालयीन इतिहासाने या उणिवेला अनपेक्षित अर्थ प्राप्त करून दिला. कर्नल गिमाराइंस यांना २००१ मध्ये झालेली ६३२ वर्षांची शिक्षा २००६ मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी त्यांचा खून झाला. २०१३ व २०१४ मध्ये सत्तरहून अधिक पोलिसांना ज्यूरींनी दोषी ठरवले; २०१६ मध्ये साओ पाउलोच्या न्यायालयाने ते निकाल रद्दबातल केले. कोणत्या पोलिसाने नेमके कोणाला मारले हे व्यक्तिशः निश्चित होत नाही, हा त्यातील एक महत्त्वाचा मुद्दा होता. पुढे वरिष्ठ न्यायालयांत हे प्रकरण पुन्हा उलटले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी या पोलिसांना लागू होईल असे क्षमादान जाहीर केले. कैद्याला व्यक्ती म्हणून, त्याच्या नावानिशी शिक्षा होते. सत्ताधारी समूहाला मात्र समूह असल्यानेच अभय मिळते. गर्दी कोणाला गिळते आणि कोणाला आडोसा देते, हा 'कारांदिरू'ने अर्धाच मांडलेला प्रश्न न्यायालयांनी पूर्ण करून दाखवला.

७

तुलनेसाठी त्याच तुरुंगाविषयीच्या दोन कलाकृतींचा निर्देश करणे उपयुक्त ठरेल. रासिओनाइस एमसीज या साओ पाउलोच्या रॅपगटाने १९९७ मध्ये एका कैद्याच्या दैनंदिनीच्या रूपातील दीर्घ गीत प्रसिद्ध केले. जोसेनिर या कारांदिरूत राहिलेल्या कैद्याचा त्याच्या लेखनात सहभाग होता. गीत हत्याकांडाच्या आदल्या दिवशी सुरू होते आणि त्यात मध्यस्थ श्रोता नाही. 'मी' येथे स्वतःचा गुन्हा सांगत बसत नाही. तो काळ सोसतो आणि पाहतो. दुसरी कृती म्हणजे पाउलो साक्रामेंतो यांचा 'ओ प्रिझिओनेइरो दा ग्रादे दे फेर्रो' हा माहितीपट. त्यात कैद्यांना चित्रण शिकवून कॅमेरे त्यांच्याच हाती दिले गेले आणि त्यांनी स्वतःचे दैनंदिन जीवन टिपले. डॉक्टरच्या कक्षातली रांग येथे नाही. कोठडीच्या खिडकीतून रात्रभर शहराकडे पाहणारा कॅमेरा आहे, आणि काही घडत नाही हेच त्यात घडते. 'कारांदिरू'त जी साचली नाही ती काळाची दाटी येथे साचते.

दोन्ही चित्रपटांत तुरुंगाच्या इमारती सुरुंगाने कोसळतानाची खरी दृश्ये आहेत. तुरुंग सप्टेंबर २००२ मध्ये रिकामा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याच्या काही इमारती पाडण्यात आल्या. पुढे त्या जागी सार्वजनिक उद्यान झाले. बाबेंको ही दृश्ये शेवटी ठेवतात. साक्रामेंतो ती आरंभी, उलट्या क्रमाने दाखवतात : धूळ खाली बसण्याऐवजी आत ओढली जाते आणि इमारत पुन्हा उभी राहते. एका दृश्याच्या या दोन जागांमध्ये दोन कलादृष्टी सामावलेल्या आहेत. शेवटी आलेला विध्वंस समाप्तीची हमी देतो. आरंभी उलटा आलेला विध्वंस ती नाकारतो. इतिहासाने कोणाची बाजू घेतली, हे सांगणे कठीण नाही. हत्याकांडानंतर वर्षभरातच, १९९३ मध्ये, साओ पाउलो राज्यातील तौबाते येथील तुरुंगात पीसीसी ही कैद्यांची संघटना जन्मली, आणि कैद्यांच्या ज्या अंतर्गत कायद्याचे चित्रण 'कारांदिरू' करतो तो पुढे एका विस्तृत गुन्हेगारी साम्राज्याचा पाया बनला. १९९० च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे नव्वद हजार कैदी होते. आज ती संख्या सहा लाखांच्या वर आहे. मानाउस येथील तुरुंगात जानेवारी २०१७ मध्ये एकाच दंगलीत ५६ कैदी मारले गेले. कारांदिरूची इमारत पडली. तिच्यातील गर्दी दुसरीकडे गेली आणि वाढली.

'कारांदिरू'चे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर दुहेरीच होऊ शकते. गर्दीला गोष्टीत बसवण्याच्या प्रयत्नात त्याने गर्दीचे खरे स्वरूप, म्हणजे तिचे न संपणे, पातळ केले. कच्च्या कैद्याला जागा दिली नाही. सत्तेला कारणापासून मोकळे ठेवले. त्याच वेळी आपल्या सहृदय निवेदकाच्या मर्यादा ओळखून ऐन वेळी त्याला बाजूला करण्याचे धैर्यही त्याने दाखवले. कळवळ्याने ऐकणारा सज्जन माणूस पुरेसा नसतो, हे ज्या क्षणी चित्रपटाला कळते त्या क्षणी तो लोकप्रिय चित्रपटाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकतो. ते पाऊल उशिरा पडले आहे आणि एकच आहे. तुरुंगाविषयीच्या कथनाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला मात्र पहिल्या दोन तासांच्या रंगतदार गोष्टींपेक्षा त्या एका पावलापासून सुरुवात करावी लागेल. कारण ज्याची गोष्ट अपूर्ण आहे, आणि जो मुळीच आवडण्यासारखा नाही, अशा माणसाची साक्ष कलेने कशी नोंदवावी, हा प्रश्न तेथेच उपस्थित होतो.